तात्पुरता आवाज

नावाडी बोलायला लागला, आणि 'बैस. पाणी आज' एवढंच म्हणून होतंय तोच मास्तरच्या अंगठ्याने त्याला गप्प केलं. अंगठ्याला कोणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं तो हेच करत आला होता. समोर कोणी म्हातारा, कोणी पहारेकरी, कोणी हिरमुसलेली राजकन्या ओठ हलवू लागली की पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटतात. मास्तर ती एका नजरेत गिळून टाकतो, आणि आवाज वाक्याच्या मध्यावर पोचायच्या आत अंगठा गोल बटणावर पडलेला असतो. पुढे. त्याच्या पुढे. या धंद्यातले सगळेच असं करतात. ऐकत बसलं तर राज्य वाचवायचं कधी, आणि वाचवल्यावर त्यावर लिहायचं कधी? तर नावाडी गप्प झाला, नावेने काठ सोडला, वल्ही पाण्यात गेली आणि बाहेर आली, आणि मास्तर नावेच्या टोकाला उभा राहून पलीकडचा काळा किनारा जवळ येताना बघत राहिला. कानात मात्र ते 'बैस' तसंच बसून राहिलं. 'बस' नाही, 'बैस'. 'बै' वर नको इतका भार, आणि 'स' असा की म्हणणाऱ्याला पुढचा शब्द आठवत नसावा.  मास्तरने हेडफोन काढून पाहिला, आत कोणी बसलंय की काय तसा, आणि पुन्हा घातला.

खोली हॉटेलातली होती. एरवी तिथे कंपन्यांच्या सभा होत असाव्यात. आज खिडक्यांना काळे पडदे लावले होते, टेबलं रांगेत मांडली होती, प्रत्येक टेबलावर एक पडदा, एक कंट्रोलर, एक पाण्याची बाटली. 'काजळवेस' नावाचा व्हिडिओ-खेळ पुढच्या वर्षी बाजारात यायचा होता, आणि लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या लोकांना त्याची चव बघायला आज बोलावलं होतं. तीन तास खेळा, फोन बाहेर ठेवा, घरी जाऊन पहिला अनुभव लिहा. मास्तरला हे सगळं तोंडपाठ होतं. खेळांना दहापैकी गुण देतो म्हणून त्याला मास्तर म्हणत, आणि आता ते नाव इतकं अंगवळणी पडलं होतं की बँकेतसुद्धा कोणी तशी हाक मारली असती तर त्याने मागे वळून पाहिलं असतं. त्याने किती राज्यं वाचवली होती याची मोजदाद त्याने केव्हाच सोडून दिली होती. सगळ्या राज्यांवर सावट आलेलं असतं. सगळे नायक स्मृती हरवून कुठेतरी जागे होतात, कोणी गवतात, कोणी तुरुंगात. या खेळातला राखेच्या ढिगात जागा झाला, तोंडातली राख थुंकली आणि विचारलं, मी कोण. मास्तर मनात म्हणाला, तू कोण ते मला ठाऊक आहे बाबा, तू हरवलेला राजपुत्र आहेस, पण आधी तुला कोठारातले उंदीर मारायला लावतील. आणि तसंच झालं. कोठारवाल्याने उंदीर मारायला लावले. उंदीर मारल्यावाचून या जगात कोणी राजपुत्र होत नाही. मास्तरच्या उजव्या मनगटात एक बारीक ठणका होता, तो आताशा दिवसभर सोबत असे, पाळलेल्या मांजरासारखा. उंदीर मारताना तो जरा जागा झाला आणि पुन्हा अंग चोरून निजला.

हा खेळ बनवणाऱ्या स्टुडिओतच धाकटा होता. आवाजांच्या खात्यात. मास्तरचा धाकटा भाऊ, पाठोपाठचा, उंचीने मास्तरहून बोटभर जास्त आणि बाकी सगळ्यात आपणच लहान आहोत असं मानून चालणारा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. आजार असा काही मोठा वाटलाच नव्हता. आधी अंग दुखतं म्हणाला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि मग मास्तर आणि आई लिफ्टमधून खाली येत होते आणि लिफ्टमध्ये एक बाई फुलं घेऊन वर निघाली होती, ती चुकून यांच्याबरोबर खाली आली आणि ओशाळून हसली. मास्तरला त्या दिवसातलं एवढंच नीट आठवतं, त्या बाईचं हसणं. हे आमंत्रण आलं तेव्हा संपादिकेने फोनवर जरा वेळ काढला होता. "जमेल ना तुला? दुसऱ्या कोणाला पाठवते हवं तर." "खेळ आहे, बाई," मास्तर म्हणाला होता, "खेळायला काय होतंय." आणि खरंच काही होत नव्हतं. स्टुडिओच्या लोकांनी दारात हात मिळवले, कोणी दोन क्षण जास्त धरून ठेवला, कोणी नजर टाळली, आणि मास्तर आपल्या टेबलाशी येऊन बसला. धाकटा खेळाच्या आत कुठेतरी असणार हे त्याला ठाऊक होतं. एखादं दार करकरलं तर ते धाकट्याने करकरवलेलं असणार. पण दार करकरणं वेगळं आणि तोंडाने बोलणं वेगळं.

नाव पलीकडे लागली. पुढे डोंगर होता, डोंगरावर जळलेला किल्ला, किल्ल्यात म्हणे या खेळातला सगळ्यात देखणा प्रसंग होता, आज सगळे त्यावरच लिहिणार होते. मास्तर उतरला, चार पावलं चालला, आणि मागे फिरला. नावाडी तसाच बसला होता, टोपीखाली तोंड झाकलेलं. मास्तरने अंगठा बटणावरून उचलून मांडीवर ठेवला, आगाऊ पोराला शेजारी बसवावं तसा, आणि दुसऱ्या हाताने नावाड्याला हाक घातली. "पलीकडे काय आहे ते मला," नावाडी म्हणाला, आणि थांबला. श्वास घेतला. तो श्वास स्पष्ट ऐकू आला. "विचारू नकोस. मी कधी उतरलो नाही."

मास्तरला शंका राहिली नाही. घरी दोघांचं एकच टेबल होतं, आणि संध्याकाळी आई दोघांना धडा मोठ्याने वाचायला लावी. मास्तर धडाधड वाचून मोकळा होई. धाकट्याची पाळी आली की तो पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरी, जणू ते उडून जाईल, आणि वाक्यावर चाल करून जाई, आणि मधेच, जिथे कोणीही थांबणार नाही तिथे, त्याचा दम संपे. राजाने आपल्या. मंत्र्याला बोलावले. आई स्वयंपाकघरातून म्हणे, श्वास आधी घे रे राजा, आधी घे. तो आधी घ्यायचा, आणि तरी तो तिथेच संपायचा. मोठा झाला, मिशा आल्या, लोकांत मिसळू लागला, एरवी छान बोलायचा, चेष्टा करायचा, पण समोर कागद धरला की तेच. त्याच्या कामाच्या ठिकाणी त्याला कागद धरून बोलायला कोणी लावलं असेल? त्याने तरी हो कसं म्हटलं असेल?

मास्तरने प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मुलीला हात केला. ती लगबगीने आली, हसरी, गळ्यात ओळखपत्र. "नावाडी पहिल्या भेटीत बोलतो ते पुन्हा ऐकता येईल?" "ते एकदाच बोलतो हो तो. मग दुसरी वाक्यं लागतात. पण तुम्ही किल्ल्याकडे चला ना, खरी मजा तिथे आहे." "आणि पहिलंच ऐकायचं असेल तर?" मुलीला वाटलं मास्तर गंमत करतोय. "मग पहिल्यापासून. या डेमोत सेव्हची सोय ठेवलेली नाही." मास्तरने मान हलवली. ती गेल्यावर तो पडद्याकडे बघत बसला. किल्ला तिथे होता, वर, धुरकट, देखणा. त्याच्याखाली आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मास्तरला सांगत होतं की पलीकडे काय आहे ते मला विचारू नकोस. मास्तरने खेळ बंद केला आणि नव्याने सुरू केला. राख. थुंकणं. मी कोण. कोठार. उंदीर.

त्या उंदरांत त्याचा बराच वेळ गेला. घाई केली तर उंदीर जास्त चावतात, अशी या खेळाची खोड होती. मारता मारता मन दुसरीकडेच गेलं. एक जुनी दुपार, एक जुना टीव्ही, तापला की त्याला करपलेल्या धुळीचा वास यायचा, आणि दोघांत मिळून एक कंट्रोलर. नियम असा की ज्याचा नायक मरेल त्याने दुसऱ्याला द्यायचा. मास्तर शर्थ करून जिवंत राही. धाकट्याच्या हातात आला की तो दोन उड्या मारी आणि एखाद्या धबधब्यापाशी जाऊन नुसता उभा राही. शत्रू येताहेत, वेळ चाललाय, आणि हा उभा. "अरे हल ना," मास्तर म्हणे. "थांब. ऐकू दे." "काय ऐकू दे? मरशील." "मरू दे. तू घे मग." आणि खरंच मरे, आणि हसत कंट्रोलर पुढे करी. धबधबा त्या काळचा, म्हणजे नुसता खरखराट, बिघडलेल्या रेडिओसारखा. त्यात त्याला काय ऐकू येत होतं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मास्तरनेही विचारलं नाही. भावाभावांत असलं कोण विचारतं. दोघं एका खोलीत वाढले, एका बादलीतलं पाणी वाटून घेतलं, एकमेकांचे मोजे घातले, आणि एकमेकांना काय ऐकू येतं ते विचारायचं राहूनच जातं, त्यात भांडण नसतं, राग नसतं, नुसतं राहून जातं, पाण्यावर पान राहतं तसं.

मधली सुट्टी झाली. बाहेर लांब टेबलावर चहा-कॉफी ठेवली होती आणि सगळे त्याभोवती उभे होते, डोळे चोळत. एक तरणा व्हिडिओवाला, खेळांवर बोलून त्याने नाव काढलं होतं, मास्तरच्या शेजारी आला. "मास्तर, किल्ल्यातला तो जिना बघितलात? काय केलाय." "मी नदीवर आहे अजून." "नदीवर?" तो हसला. "वय झालं म्हणायचं तुमचं. का त्या नावाड्याच्या प्रेमात पडलात?" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले, कारण नावाडी सगळ्यांना भेटला होता. "तो काय बोलतो हो," व्हिडिओवाला म्हणाला, आणि छाती फुगवून, मान ताठ करून, शाळेत हजेरी दिल्यासारखा बोलला, "पलीकडे काय आहे ते मला. विचारू नकोस." हुबेहूब. हशा पिकला. एक बाई म्हणाली, "वीज बिलाच्या खिडकीवरचा माणूस आणून बसवलाय." "नाही नाही, तात्पुरता असणार," दुसरा म्हणाला. "खरा नट मिळेपर्यंत ऑफिसातल्या कोणालातरी बोलायला बसवतात ना, तसा. त्याच्यावर कशाला लिहायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. हा रिवाजच होता. अर्ध्यामुर्ध्या खेळातल्या तात्पुरत्या गोष्टींवर कोणी लिहीत नाही, घरात रंगकाम चालू असताना आलेल्या पाहुण्याने पसाऱ्यावर बोलू नये तसं. मास्तरच्या हातातली कॉफी गार झाली होती. त्यालाही हसू आलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं. नक्कल चांगली होती. धाकटा इथे असता तर सगळ्यात आधी तोच हसला असता.

सगळे आत गेले तशी खांबाआडून एक बाई पुढे आली. केस कापलेले, कानाला हेडफोनचा वळ. "मी साउंडवाली," ती म्हणाली. "तुमच्या भावाच्या शेजारच्या टेबलावर असायचे."  "तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. मी दोनदा फोन हातात घेतला. पण काय सांगणार? आणि मला वाटलं, तुम्ही लोक बटण दाबून पुढेच जाता. कळणारही नाही तुम्हाला."

"त्याने हो कसं म्हटलं?"

"म्हणत नव्हता. तीन जणांनी धरून बसवला. चारच वाक्यं आहेत रे, पंधरवड्यात नट येईल, मग काढून टाकू. पाणी पिऊन पिऊन बोलला." तिला हसू आलं आणि तिने ते परतवलं. "मग तो आजारी पडला. नट येऊन गेला, बाकी सगळ्यांचं रेकॉर्डिंग झालं. नावाड्याचा विषय आम्ही कोणीच काढला नाही त्या नटासमोर. आता साहेब विचारतात, नावाड्याचं काय. आम्ही म्हणतो, बघतो. काढून टाकायचं म्हणजे काय, एका फाइलवर बोट ठेवायचं. पण कोणाचं बोट?"

"मग?"

"मग आम्ही ठरवलं, बाहेरच्या कोणी लिहिलं की हा आवाज चालत नाही, की काढायचा. कोणी लिहिलं की चांगला आहे, तर साहेबांना दाखवून ठेवायचा. कोणी काही लिहिलंच नाही तर..." तिने खांदे उडवले. "लिहीतच नाहीत हो. तुमचा रिवाज."

मास्तर म्हणाला, "मी लिहीन." म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय लिहू ते आपल्याला ठाऊक नाही. साउंडवालीने त्याच्याकडे पाहिलं आणि रिकामे पेले एकात एक घालत उभी राहिली. ते काही तिचं काम नव्हतं.

दुसऱ्यांदा नदीवर पोचला तेव्हा बाकीचे किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर होते. खोलीभर आरोळ्या, तलवारींचे खणखणाट हेडफोनांतून गळत होते. मास्तर नावाड्यासमोर उभा राहिला, हात बटणांवरून उचलून धरले. "बैस," नावाडी म्हणाला. "पाणी आज शांत आहे. काल. नव्हतं." एवढंच होतं. एवढ्यासाठी त्याने उंदीर दोनदा मारले होते. तो नावेत बसला, नाव मध्यावर आली, पलीकडे लागली, आणि तो उतरला नाही. कोणी उतरलंच नाही तर नावाड्याने काय म्हणावं याचीही सोय केलेली होती. "बघ बाबा. तुझं तुला. ठरवायचंय. मी इथेच आहे." मास्तर हलला नाही. मग पुष्कळ वेळाने: "दोरी सोडू का मग?" हे मात्र एका दमात, नीट, कारण वाक्य छोटं होतं. या चौथ्या वाक्यात धाकटा जसाच्या तसा होता. स्टेशनवर, दारात, फोन ठेवताना असाच प्रश्न विचारायचा तो, निघू का मग, ठेवू का मग, जणू परवानगी मोठ्या भावाच्या खिशात आहे. मास्तर पडद्याकडे झुकला. आणि त्याच वेळी नावाडी म्हणाला, "बघ बाबा. तुझं तुला. ठरवायचंय. मी इथेच आहे." श्वास तिथेच. थांबणं तेवढंच. मग पुन्हा दोरीचं. मग पुन्हा बघ बाबा. मास्तर ऐकत राहिला. पहिल्यांदा सुख झालं, मग सवय झाली, मग एक शीण पसरायला लागला, नखांपासून वर, भिजलेल्या कपड्यासारखा जड. खरा धाकटा दुसऱ्यांदा असं म्हणालाच नसता. तो म्हणाला असता, अरे उतर की, मला घरी नाही का. तो कंटाळला असता, त्याने सूर बदलला असता, काहीतरी भलतंच बोलून हसवलं असतं. हा कंटाळत नव्हता. हा कधीच कंटाळणार नव्हता. लाखो लोक या नावेत बसतील, अडीच शब्दांवर त्याला गप्प करतील, किंवा करणार नाहीत आणि त्याची नक्कल करतील, आणि हा बापडा पुस्तक घट्ट धरून उभा असल्यासारखा पुन्हा पुन्हा दम सोडत राहील. दिवे लागले. प्रसिद्धीवाली मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, वेळ संपली मंडळी. पडदा काळा झाला तेव्हा नावाडी वाक्याच्या मध्यावर होता.

घरी आई जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. मास्तर पलीकडच्या खुर्चीत बसला, लॅपटॉप उघडला. तलवारीला वजन आहे, त्याने लिहिलं. घोडा गुणी आहे, पण पायऱ्या दिसल्या की बावचळतो. अक्षरं मुंग्यांएवढी आहेत, चाळिशी ओलांडलेल्यांचा विचार कोणी केलेला नाही. अंधार सुरेख. नदीचा आवाज या सगळ्यात खरा. किल्ला मी पाहिला नाही. मग तो नावाड्यापाशी आला. त्याने लिहिलं: नावाड्याचा आवाज अनघड आहे, वेगळा आहे, मनात राहतो. यातलं काहीच खोटं नव्हतं. हे वाक्य साहेबांना दाखवलं की काम झालं. त्याने ते खोडलं आणि लिहिलं: नावाड्याचा आवाज सपाट आहे, तो बदलावा. यातही खोटं नव्हतं. त्याने तेही खोडलं. कर्सर रिकाम्या जागेत लुकलुकत राहिला.

"वाईट होता का खेळ?" आईने विचारलं.

"बरा होता."

"मग तोंड असं का? मनगट दुखतंय?"

मास्तरने सांगितलं. सांगताना तो वाटाण्यांकडेच बघत होता, म्हणून त्याला दिसलं, आईचे हात थांबले नाहीत, पण दाणे सालांच्या ढिगात पडू लागले आणि सालं दाण्यांच्या वाडग्यात.

"काय म्हणतो?" ती म्हणाली.

मास्तरने म्हणून दाखवलं. पलीकडे काय आहे ते मला विचारू नकोस, मी कधी उतरलो नाही. त्याला नक्कल करवली नाही, नुसतं वाचल्यासारखं म्हटलं.

"असं नसेल म्हणाला. मधे दम लागला असेल."

"लागला."

"कुठे?"

"'मला'च्या पुढे."

आईने मान हलवली, कोणी ओळखीचा पत्ता सांगितल्यासारखी. मग म्हणाली, "हसले का रे लोक?"

"हसले. मीसुद्धा हसलो."

"तो असता तर तोही हसला असता." तिने वाडग्यातली सालं वेचायला घेतली. "मग आता काय लिहितोयस?"

"तेच कळत नाहीये. तू सांग."

"मी नाही सांगणार. मला विचारशील तर मी म्हणेन, असू दे. मी आहे तोवर तरी असू दे, मग काय ते करा. म्हणून मला विचारू नकोस. तुझं काम आहे ते, तू कर."

 शेजारच्या घरात कोणीतरी भांडी लावत होतं, एकावर एक, सावकाश. मग त्याने लिहिलं, आणि लिहून झाल्यावर आईने विचारायच्या आत वाचून दाखवलं, पहिल्यापासून, तलवार, घोडा, मुंग्यांएवढी अक्षरं, नदी. शेवटी: "नावाड्याचा आवाज तात्पुरता आहे असं कळतं. तसा तो असेल तर ठीक, नसेल तर बदलावा. तो सपाट आहे, आणि या नावेतून सगळ्यांनाच जायचं आहे."

"सपाट नको," आई म्हणाली.

"का?"

"सपाट कुठे होता तो? घाबरलेला असायचा. मोठ्याने वाचायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा त्याच्या. घाबरलेला लिही."

मास्तरने तो आवाज कानात आठवून पाहिला. बैस. पाणी आज शांत आहे. आईचं बरोबर होतं. इतकी वर्षं गुण देऊन त्याला तो शब्द सुचला नव्हता. त्याने सपाट खोडलं आणि घाबरलेला लिहिलं. वाक्य आता जास्त कठोर झालं होतं आणि जास्त खरं. त्याने ते संपादिकेला पाठवून दिलं. 

"गेलं?"

"गेलं."

 आई दाणे आणि सालं वेगळी करत राहिली, आणि सगळी वेगळी झाल्यावरही हात वाडग्यात फिरवत राहिली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले, मग आपोआप थांबले. मास्तर उठून दिवा लावायला गेला तेव्हा ती मागून म्हणाली, "नदीचा आवाज खरा आहे असं लिहिलंस ना तू?"

"हो. म्हणजे, आहेच."

"तो आपल्या बादलीचा आहे."

मास्तर बटणावर हात ठेवून तसाच वळला.

"न्हाणीघरात रेकॉर्डर घेऊन बसला होता एक अख्खी दुपार. तू कुठे बाहेर होतास. बादलीत हात घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. लाटणं मागून घेतलं, वल्हं म्हणून. मला दाराबाहेर स्टुलावर बसवलं, फोन आला तर उचलायला, आणि हूं की चूं करायची नाही म्हणाला. मी बसले बापडी तोंडावर हात धरून." ती थांबली. "तो आवाज बदलणार नाहीत ना?"

"नाही," मास्तर म्हणाला. "तो कोण बदलतंय. त्याच्यासारखा दुसरा नाही."

"मग पुन्हा खेळशील तेव्हा नीट कान देऊन ऐक," आई म्हणाली आणि वाडगा उचलून उभी राहिली. "कुठेतरी माझी एक शिंक आहे त्यात. काढतो म्हणाला होता. काढली नसणार त्याने."